सडकेवर मोडलेला माग

आमच्या घरात पोलीस पाटीलकी होती. वडील गेले तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी चावडीत त्यांच्या जागेवर जाऊन बसलो. गाव आष्टीच्या पलीकडे, नगरच्या अंगाला. चार कोसांवर निजामाची हद्द संपायची आणि इंग्रजांचा मुलूख लागायचा. तिकडचे लोक आम्हाला मोगलाईतले म्हणायचे आणि म्हणताना नाक मुरडायचे. मी मुळात तापट, त्यात पाटीलकी नवी. मला कुणी नाक मुरडलेलं खपत नसे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात चोराइतकाच माझ्या या स्वभावाचाही हात होता.

आमच्याकडे जनावर चोरीला गेलं तर माणूस ठाण्याकडे धावत नसे, पाटलाकडे यायचा. पाटील जागल्याला बोलावायचा. जागल्या म्हणजे गावचा राखणदार. आमचा जागल्या वडिलांहूनही वयाने मोठा होता, तरी आम्ही त्याला अरेतुरेच करायचो. तेव्हाची रीतच तशी वाईट होती. त्याच्या डोळ्यांत फूल पडायला लागलं होतं, पण मातीतलं पाऊल बघून माणूस कोण, ओझं घेऊन चाललाय की मोकळा, दमलाय की ताजा आहे, हे तो उभ्याउभ्या सांगायचा. तो माग धरून पुढे आणि पाटील नि चार पंच त्याच्या मागे. चांगलं उमटलेलं पाऊल सापडलं की त्यावर कोंबड्या झाकायचं डालगं उपडं घालायचं, म्हणजे वाऱ्याने किंवा ढोरांनी ते मोडू नये. ज्वारीच्या ताटाचा तुकडा पावलाच्या लांबीइतका तोडून घ्यायचा. माग शिवेवर पोचला की शेजारच्या गावच्या पाटलाला बोलावून पाऊल दाखवायचं आणि तो तुकडा त्याच्या हातात द्यायचा. तिथून पुढे माग त्यांचा. त्यांनी तो आपल्या हद्दीतून बाहेर काढून दाखवावा, नाहीतर चोर द्यावा, नाहीतर जनावर भरून द्यावं.

जनावर भरून द्यायचं कुणाला फारसं वाटत नसे, ते गाव मिळून भागवायचं. पण ‘माग मोडला’ हा बोल गावाच्या कपाळी लागायचा. सोयरिकीच्या बैठकीत लोक तो काढायचे. आमच्या घरात तीन पिढ्या माग मोडलेला नव्हता आणि मला त्याचा गर्व होता. वडिलांनी शेवटच्या दुखण्यात शेतीवाडीचं काही सांगितलं नाही. माग जप, एवढंच म्हणाले.

ही सगळी रीत चालायची ती एकाच बळावर. माणसं फार लांब जात नसत, आणि दहा गावांत कुणाचं पाऊल कसं पडतं हे कुणाला तरी ठाऊक असायचं. वहाणा गावातलाच एक म्हातारा शिवायचा. खिळे किती, कुठे, टाचेचं कातडं कसं दुमडलंय यावरून तो वहाण कुणाची ते सांगायचा. आणि वहाण एकदा ज्याच्या पायात गेली ती तुटेपर्यंत त्याच पायात राहायची. दुसऱ्याची वहाण कोण घालणार? ज्याची त्याची पीडा ज्याच्या त्याच्या वहाणेत, असं आमच्याकडे मानायचे.

मग सडक झाली. नगरच्या बाजूने खडी टाकत, रूळ फिरवत ती आमच्या शिवारातून आष्टीकडे गेली. खडी फोडायला कुठून कुठून माणसं आली, गावाबाहेर पाल ठोकून राहिली. सडकेवरून आधी बैलगाड्या वाढल्या, मग एक खटारा मोटार यायला लागली. आमचा आठवड्याचा बाजार मूठभर होता, तो वर्षभरात पसरून मारुतीच्या पारापर्यंत आला. गावची पोरं पलीकडे कालव्याच्या कामावर जाऊ लागली आणि परत आली ती कुणी बूट घालून, कुणी रबरी तळव्याच्या चपला घालून. मला पाटील म्हणून पहिल्यांदाच भर बाजारात एखाद्याला थांबवून विचारावं लागायचं, “कुठला बे तू?” आणि तो जे सांगेल ते खरं धरावं लागायचं. वडिलांना जन्मात हा प्रश्न विचारावा लागला नसेल.

त्याच सुमारास तालुक्याच्या अमिनाने आम्हा पाटलांची बैठक घेतली. अमीन म्हणजे ठाण्याचा अंमलदार. हे हैदराबादेहून आलेले, उंच, शांत गृहस्थ होते. कागद सगळे उर्दूत, पण आमच्याशी मोडक्यातोडक्या मराठीत बोलायचे. म्हणाले, “पाटील, आजवर चोर तुमच्या वळखीचा होता. आता सडक झाली. उद्याचा चोर वळखीचा राहणार नाही. आणि तुमी लोक वळखीच्यालाच धरत राहाल.” आम्ही पाटील एकमेकांकडे बघून हसलो. बाहेर आल्यावर मीच म्हणालो, की साहेब चोराला बघायच्या आधीच घाबरले.

आता मेंढक्याचं सांगतो. आमच्याच तालुक्यातला धनगर होता. दरसाल सुगी झाली की मेंढरं घेऊन यायचा आणि माझ्या रानात बसवायचा. लेंड्यांचं खत मला आणि दाणागोटा त्याला. बरोबर बायको, एक लहानगं पोर, दोन कुत्री आणि सामानाचं तट्टू. माणूस हसरा होता. मला फारशी माणसं आवडत नसत, हा आवडायचा. आमच्या म्हाताऱ्याकडून त्याने जाड तळव्याच्या वहाणा शिवून घेतल्या होत्या. टाचेला नालासारखे खिळे, डाव्या वहाणेला बाहेरच्या अंगाला ठिगळ.

त्या सालच्या एका शनिवारी मी बाजारातून घराकडे येत होतो. मेंढक्या मारुतीला तेल घालून रानाकडे निघाला होता आणि बाभळीच्या काट्यांतून उड्या मारत चालला होता. पायात काही नव्हतं.

“काय रे, अनवाणी?”

“गेल्या की पाटील! तेल घालून भाईर आलो तर वहाणा न्हाईत.” आणि खदखदून हसला.

आमच्याकडे देवळातून वहाणा गेल्या तर कुणी शोधत नाही. त्यात शनिवार आणि मारुतीचा पार. पीडा गेली म्हणायचं, मागे वळून बघायचं नाही, बोभाटा करायचा नाही. केला तर गेलेली पीडा परत येते. मीही तेच म्हणालो. वर चिडवलं, “चल, सुटलास. आता साडेसाती तुझ्या वहाणा घालून दुसऱ्याच्या दारात जाईल.” तो हात जोडून हसला आणि उड्या मारत गेला. पाटील म्हणून मला तेव्हा कळायला हवं होतं, की आमच्या मारुतीपुढून आजवर कुणाच्या वहाणा गेल्या नव्हत्या. ही रीत आम्ही ऐकून होतो, तिची वेळ कधी आली नव्हती. बाजारात अनोळखी पाय आले होते. पण मी ते पीडा गेली म्हणून सोडून दिलं.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. उगवतीकडच्या गावातून एक बैलजोडी गेली. त्यांचा पाटील आणि जागल्या सकाळी माग घेऊन आमच्या शिवेवर आले. तो पाटील माझ्या वडिलांच्या वेळचा, त्याला आमच्या घराचा गर्व डोळ्यात खुपायचा. ओढ्याच्या ओल्या मातीत त्यांनी डालगं झाकलं होतं. आमच्या जागल्याने डालगं उचललं, वाकून बघितलं, तुकडा लावला आणि माग पुढे धरला. बैलांचे खूर आणि बाजूने माणसाचं पाऊल. दोन रानं ओलांडली, बांध ओलांडला आणि माग सडकेवर चढला.

तिथे संपला. खडीवर ना खूर ना पाऊल. आम्ही दोन्ही कडांनी अर्धा कोस या बाजूला, अर्धा कोस त्या बाजूला गेलो. बैल कुठेच खाली उतरले नव्हते. जागल्या सडकेवर गुडघे टेकून बसला, हात फिरवला, तोंडाजवळ नेला. एवढ्यात मोटार आली आणि आम्हाला सगळ्यांना कडेला व्हावं लागलं. धुरळा खाली बसल्यावर शेजारचा पाटील म्हणाला, “माग तुमच्या हद्दीत मोडला.”

मी म्हणालो, “सडक सरकारची आहे.”

“सडकेखालची जमीन कुणाची हाय?”

 माझे पंच खाली बघत होते. तीन पिढ्यांत जे झालं नव्हतं ते माझ्या दुसऱ्याच सालात होत होतं, आणि ते या माणसाच्या तोंडून चार गावांत जाणार होतं. राग असा आला की कानशिलं तापली. तेवढ्यात कुणीतरी वहाणा शिवणाऱ्या म्हाताऱ्याला आणलं होतं. आम्ही त्याला ओढ्यावर नेलं; त्याने पाऊल बघितलं आणि लगेच म्हणाला, “ही माझ्या हातची. हे ठिगळ बी मीच लावलंय. मेंढक्याची हाय.”

सगळ्यांचे चेहरे उजळले. माझाही उजळला असणार. माग मोडला नव्हता, चोर सापडला होता.

रानाकडे जाताना जागल्या माझ्या शेजारून चालत होता. हळूच म्हणाला, “पाटील, वहाण त्याचीच हाय. चाल त्याची न्हाई.”

“म्हणजे?”

“त्यो काठी टेकून चालतो, उजवा पाय लांब टाकतो. ह्या मानसाचं पाऊल आखूड हाय. वहाण बी ढिली हाय त्याला, बोटं आवळून चाललाय. पायात दुसराच हाय कुनी.”

मी थांबलो. मला तो शनिवार आठवला. खरं सांगतो, आठवायला एक क्षणही लागला नाही. सगळं तिथल्या तिथे लक्षात आलं. आणि तरी मी जागल्याला म्हणालो, “तुझे डोळे गेलेत आता. पंचांपुढे हे बोलू नकोस.”  त्याने आमच्या घराची तीन माणसं चावडीत बसलेली पाहिली होती. “बरं,” म्हणाला आणि मागे झाला.

मेंढक्या कोकरू मांडीवर घेऊन बसला होता. आमच्या हातातली दोरी बघितली तरी त्याला काही उमगलं नाही. वहाणा कुठेत म्हणून विचारलं तर म्हणाला, मारुतीपुढून गेल्या. कधी? गेल्या महिन्यात. कुणाला सांगितलंस? कुणाला सांगणार, पीडा गेली ती. शेजारचा पाटील हसला. “वहाणा गेल्या आणि ह्यानं कुनालाच सांगितलं न्हाई! कावून न्हाई सांगितलं बे?” रीत त्यालाही ठाऊक होती. तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होती. पण त्या वेळी कुणालाच ती आठवायची नव्हती.

मग तो माझ्याकडे वळला. “पाटील, तुमी बघितलंत की मला अनवाणी. तुमीच म्हनलात पीडा गेली म्हनून. सांगा की ह्यांना.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “हा मला बाजारच्या दिवशी भेटला का, कसा भेटला, माझ्या ध्यानात नाही. बाजारात शंभर माणसं भेटतात.”

त्याने हात पुढे केले. त्याची बायको मात्र माझ्याकडे बघून म्हणाली, “पाटील, वरसानुवरसाचं मीठ हाय तुमच्यात आन् आमच्यात.” हे वाक्य मी पुढे कुणाला सांगितलं नाही, पण विसरूही शकलो नाही. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मी पंचांवर उगाच ओरडलो.

जागल्याने दुसऱ्या दिवशी चावडीत येऊन काठी ठेवली. म्हणाला, “आता माज्यानं व्हनार न्हाई.” मी कारण विचारलं नाही.

मेंढक्या चार महिने कैदेत होता. बायकोने मेंढरं सांभाळली, निम्मी विकावी लागली असं ऐकलं. मग एक दिवस बैलांच्या मालकाला पलीकडच्या बाजारात त्याचाच बैल दिसला. ज्याच्याकडे होता त्या व्यापाऱ्याने सांगितलं, की खडी फोडणाऱ्या टोळीतला एक माणूस सडकेने जोडी घेऊन आला होता, पायात मापाला मोठ्या, खिळ्यांच्या वहाणा होत्या. तो माणूस कुठला, नाव काय, कुठे गेला, कुणालाच सांगता आलं नाही. टोळी केव्हाच पुढच्या कामावर गेली होती.

अमिनांनी मेंढक्याला सोडलं आणि मला बोलावून घेतलं. बसायला लावलं. त्यांच्यापुढे एक नवी वही होती. वरून हुकूम आला होता, की फिरस्त्या माणसांपैकी ज्यांच्यावर एकदा संशय आला त्यांची नावं या वहीत घालायची, अंगठा घ्यायचा, आणि त्यांनी ज्या गावी मुक्काम करावा तिथल्या पाटलाकडे हजेरी द्यावी. पाऊल आता सडकेवर उमटत नव्हतं, म्हणून सरकारने अंगठा धरला होता. मेंढक्याचं नाव तो कैदेत गेला त्याच दिवशी वहीत चढलं होतं. अमीन म्हणाले, “हे नाव मला काढायचं आहे. पण कागदावर आधार पाहिजे. त्या शनिवारी त्याच्या पायात वहाणा नव्हत्या असं सांगणारा एक माणूस मिळाला, तर मी आज लिहितो. पाटील, तुमच्या गावात असा कोणी आहे?”

ते माझ्याकडे बघत होते. त्यांना संशय आला होता की काय, मला आजही सांगता येत नाही. मी तोंड उघडलं असतं तर चार महिन्यांपूर्वी पंचांपुढे खोटं बोललो हे कागदावर आलं असतं आणि पाटीलकी गेली असती. मी म्हणालो, “चौकशी करतो.” त्यांनी वही मिटली. वर्षभरात त्यांची बदली झाली.

त्यानंतरची बरीच वर्षं मी पाटील होतो आणि डोळ्यांदेखत सगळं बदलत गेलं. आधी माणसांचं राहणं बदलतं. ती लांब जातात, परक्याच्या शेजारी झोपतात, तयार चपला घेतात, एकमेकांना नावानेही ओळखत नाहीत. मग त्या बदलाच्या मागून गुन्हा नवा होतो. आणि सगळ्यांच्या शेवटी, धापा टाकत, आम्ही पाटील नि पोलीस पोचतो, हातात कालची हत्यारं घेऊन. जो हाताशी लागतो तो कालच्या जगातला गरीब असतो. नव्या जगातला चोर तोवर मोटारीत बसून गेलेला असतो. घाटनांदूरकडे रेल्वे आली तेव्हा तिकडच्या एका पाटलाने मला विचारलं होतं, की आता आम्ही काय काळजी घ्यावी. मी त्याला ठाण्याशी संबंध ठेव, रात्रीची गस्त घाल असलं काहीतरी सांगितलं. खरं सांगायचं होतं ते सांगितलं नाही.

मेंढक्या दरसाल यायचा. माझ्या रानात त्याने मेंढरं पुन्हा बसवली नाहीत, सडकेच्या पलीकडे बसवायचा. चावडीत यायचा, बाहेर पायतण काढायचा, हजेरीच्या वहीत अंगठा लावायचा, शाई धोतराला पुसायचा आणि जायचा. हसणं बंद झालं होतं. मी एकदोनदा विचारलं, मेंढरं कशी आहेत. “हायेत,” म्हणायचा. एकदा मी त्याला सांगणार होतो, की मी ठाण्यावर जातो, खरं सांगतो. वाक्य तयार होतं. पण चावडीत दोन माणसं बसली होती आणि मी त्यांच्या जाण्याची वाट बघत राहिलो, आणि तोच आधी गेला.

पंधराएक वर्षांनी त्याच्या जागी त्याचा मुलगा आला. बाप वारला होता. तो आता स्वतः बायकापोरांचा धनी होता, बापासारखाच उंच. वहीतली नोंद घराण्याच्या नावाने चालायची, बाप गेला की मुलगा. मी चावडीतल्या तरुण कारकुनाला बाहेर पाठवलं आणि वही स्वतः उघडली.

तो म्हणाला, “पाटील, एक इचारू? आमच्या बापानं काय केलतं? त्यो कधी बोललाच न्हाई.”

आता थांबण्यासारखं कुणी बसलेलं नव्हतं. मी म्हणालो, “काही नाही. तुझ्या बापानं काहीही केलं नव्हतं. मला ते ठाऊक होतं, एकट्या मला सांगता येत होतं, आणि मी सांगितलं नाही.”

 वाटलं, हा ओरडेल, निदान शिवी देईल. दिली असती तर मला बरं वाटलं असतं. त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग दाराबाहेर बघितलं. सडकेवर त्याची मेंढरं अडवून बायको उभी होती आणि मागे एक मोटार भोंगा वाजवत होती.

“लई खोळंबलीया मोटार,” तो म्हणाला. “अंगठा कुटं लावू?”

मी त्याला जागा दाखवली.